कमलबाईंचा तिसरा पर्याय

आई,

तुम्ही गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रविवारी विहारात झाला. फोटो तोच लावला, निवृत्तीच्या दिवशीचा, ओठ मिटून हसणारा. तुम्हाला तो अजिबात आवडायचा नाही, पण बाकी सगळ्यांना आवडतो, त्यामुळे माझं काही चाललं नाही. त्रिशरण-पंचशील झालं, सगळ्यांनी हात जोडून खोटं न बोलण्याचंही शील घेतलं, आणि पुढच्या दहाच मिनिटांत पहिले वक्ते उठून म्हणाले, "कमलबाई म्हणजे फार सोशिक बाई होत्या."

मी मान खाली घालून बसले. दुसरे उठले, "कधी कुणाला उलट शब्द बोलल्या नाहीत." तिसऱ्या बाईंनी तर डोळे पुसत सांगितलं की एवढी सहन करणारी बाई आपल्या कॉलनीत पुन्हा होणे नाही. एकेक जण बोलत होता आणि मी उरलेले वक्ते मोजत होते, कारण तुम्ही माझ्याकडून शब्द घेतला होता आणि तो पाळायची वेळ आली होती. माझ्याकडून, म्हणजे कंपनीच्या मीटिंगमध्ये "सुजाता, तुला काही म्हणायचंय?" असं विचारलं तरी "नाही सर" म्हणून पाणी प्यायला उठणाऱ्या बाईकडून! स्वतःचा मुलगा प्रशांत सोडून तुम्ही हे काम सुनेवर टाकलंत. तुम्हाला माझी मजा बघायची होती, दुसरं काय.

तो शब्द कुठे दिला ते पक्कं आठवतंय. सिन्नरला तुमच्या मावसबहिणीच्या अशाच कार्यक्रमाला आपण दोघी गेलो होतो. येताना जीप द्वारका चौकात येऊन जी अडकली ती अडकली. पुढे बस, मागे ट्रक, मध्ये रिक्षावाले एकमेकांचा उद्धार करताहेत. तुम्ही खिडकीबाहेर बघत अचानक म्हणालात, "शालीला सगळे सोशिक म्हणाले. शाली सोशिक नव्हती गं. शाली रागाने आतल्या आत जळून गेली." मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "माझ्या वेळी कुणी मला सोशिक म्हणालं ना, तर उठून सांगायचंस."

"काय सांगायचं?"

"मी राज्य कसं चालवते ते."

शेजारची बाई आपल्याकडे बघायला लागली. मी हसून हो म्हणाले. हो म्हणणं मला नेहमीच सोपं गेलं आहे.

त्या बाईला काय कळणार म्हणा. राज्य चालवायला लागून तेव्हा तुम्हाला वर्ष होऊन गेलं होतं. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी गरजेशिवाय जिना बंद केला, आणि तुम्ही घरात अडकलात. टीव्ही दादांच्या ताब्यात, सासरेबुवांचा हक्कच तो. म्हणून रविवारी दुपारी मी आतल्या खोलीत गेम खेळायला बसले की तुम्ही खुर्ची ओढून शेजारी यायचात. डिप्लोमाला असल्यापासून मी हे गेम खेळते. जादूगार, राजवाडे, ड्रॅगन, तलवारी असलेले. सासरी आल्यावर पहिली कितीतरी वर्षं मी दार लोटून खेळायचे, काहीतरी चोरून खाल्ल्यासारखं. तुम्ही बघायला लागलात तेव्हा मला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण तुम्ही तासभर गप्प बसून एकच प्रश्न विचारलात. "हे खाली तीन ओळी येतात, त्यातली पहिलीच का दाबतेस तू दर वेळी?"

मी समजावलं की समोरच्याला काय उत्तर द्यायचं त्याचे ते पर्याय असतात. बहुतेक वेळा पहिला चांगुलपणाचा, दुसरा मधला, तिसरा दुष्टपणाचा. आपण जसे वागू तसं आपलं पात्र बनत जातं. चांगलं वागलं की अंगाभोवती निळा उजेड, वाईट वागलं की लाल.

"चांगलं वागलं की लगेच उजेड?" तुम्ही म्हणालात. "आम्हाला नाही कुणी कधी दाखवला."

पुढच्या रविवारी तुम्ही माझ्या खुर्चीत बसलात. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावर चाललेली बोटं, माउस दोन दिवसांत वळला. इंग्रजीची अडचण नव्हती, पण तुम्हाला पर्याय मराठीत ऐकायचे असायचे. मी वाचायचे, "एक, म्हातारबाबा, मी तुमची मदत करते. दोन, मला वेळ नाही. तीन," आणि तिसरं ऐकायच्या आत तुमचं बोट खाली आलेलं असायचं. लोक आपल्या पात्राला काहीबाही भारी नावं देतात. तुम्ही त्या जादूगारणीला स्वतःचं नाव दिलंत. कमल. काळा झगा, कपाळावर शिंगांचा मुकुट, आणि नाव कमल. मी म्हटलं, "आई, निदान नाव तरी बदला." तर म्हणालात, "का? वाईट मी वागणार आणि नाव दुसरीचं खराब करू?"

काय काय केलंत तुम्ही आई, दोन वर्षांत! गावच्या पाटलाला बेडूक केलंत. भावाभावांत लावून दिलीत आणि दोघांचे वाडे घेतलेत. देवळातल्या पुजाऱ्याने नम्रपणे दान मागितलं तर त्याला धमकी दिलीत, आणि वर मला विचारलंत, "याहून जास्त बोलता येत नाही का?" एका राणीने तुम्हाला वाट बघायला लावली म्हणून तुम्ही तिच्या पुलाला आग लावलीत. त्या दिवशी तुमच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी तुमच्या नातवाच्या बारशालाही पाहिला नव्हता.

आणि मग हळूहळू तुम्ही सांगायला लागलात. एक्स्चेंजमधल्या त्या वर्षांबद्दल. लाइन मिळाली नाही की लोक काय काय बोलायचे, बाईचा आवाज ऐकून काय काय विचारायचे. आणि मागे सुपरवायझर कानाला यंत्र लावून ऐकत असायचा की ऑपरेटर उलट बोलते का. उलट बोललं की मेमो. तुम्ही म्हणालात, "तिकडून शिवी आली की आम्ही म्हणायचं, कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा. घरी यायचं, तर दादा. त्यांनाही थोड्या वेळाने प्रयत्न करा म्हणता येत नाही." हे तुम्ही हसून सांगितलंत. अकरा वर्षं एका घरात राहून मला यातलं काही माहीत नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं, आई. मला तुम्ही शांत वाटायचात आणि ते मला बरं पडायचं.

आपलं भांडण त्या नावाड्यावरून झालं. सगळ्यांना वाटतं आपण कधी भांडलोच नाही.

तो नावाडी आठवतो ना, ज्याने जखमी कमलला नदीतून ओढून काढलं, झोपडीत ठेवून घेतलं, औषध लावलं? पुढे सैनिक त्याला शोधत आले. मी वाचलं, "एक, मला माहीत नाही. दोन, तो उत्तरेला गेला. तीन, तो त्या झोपडीत आहे, आणि त्याची नाव मला हवी." माझी खात्री होती की या वेळी तरी तुम्ही पहिलं दाबाल. तुम्ही तिसरं दाबलंत. सैनिक झोपडीत शिरले. तुम्ही नाव घेऊन निघालात, मागे वळून बघितलंही नाहीत.

मी उठलेच. "हे काय केलंत आई? त्याने जीव वाचवला होता तुमचा!" तुम्ही म्हणालात, "अगं खेळ आहे." मी म्हटलं, "खेळ असला म्हणून काय झालं? ज्याने भलं केलं त्याला विकताना हात कसा थरथरला नाही?" माझा आवाज चढला होता. मी स्वयंपाकघरात गेले आणि कुकर ओट्यावर असा आपटला की दादांनी बाहेरून विचारलं, काय पडलं? दोन दिवस मी तुमच्याशी कामापुरतं बोलले. मला स्वतःचंही हसू येत होतं की पडद्यावरच्या एका नावाड्यासाठी मी सासूशी अबोला धरलाय, पण राग खरा होता.

तिसऱ्या दिवशी कंपनीतून आले तर तुम्ही चहा करून ठेवला होता. काठी टेकत, त्या गुडघ्यांनी. म्हणालात, "अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर भांडं आपटलंस. बरं वाटलं मला." मग तुम्ही जे बोललात ते मी अजून चघळतेय. "मलाही वाईट वाटलं त्या नावाड्याचं. रात्री डोळ्यासमोर येत होता. पण सुजाता, मला बघायचंय गं. आयुष्यभर मी चांगली वागले, पण दुसरं काही करायची सोयच नव्हती. मग मी चांगली होते की नुसती भित्री होते, हे मला कळणार कसं?"

मी म्हटलं, "मग जाऊ या ना मागे. सेव्ह आहे माझ्याकडे. नावाड्याला वाचवू आणि पुढे खेळू." कारण मी तशीच खेळते. प्रत्येक निवडीच्या आधी सेव्ह करायचं, चुकलं की मागे जायचं, म्हणजे शेवटी आपला निळा उजेड स्वच्छ.

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जणू मी परीक्षेत कॉपीची चिठ्ठी काढली होती. "लाइनवर गेलेला शब्द परत घेता येतो का? मी नावाडी विकला. आता तो विकलेलाच राहणार. आणि तू तुझं सांग. चुकलं की मागे, चुकलं की मागे. तुझ्या चांगलं वागण्याला लागतंय काय? उत्तरं बघून पेपर लिहितेस तू."

मला ते झोंबलं. मी म्हटलं, चांगलं ते चांगलं, कसं का केलेलं असेना. वाचला ना माणूस? तुम्ही म्हणालात, वाचला, पण वाचवणारी कोण ते तुला अजून कळलेलं नाही. हा वाद आपण किती वेळा घातला! भाजी निवडताना, दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना. मी अजूनही माझ्या जागी ठाम आहे, बरं का. खेळातसुद्धा ज्याने हात दिला त्याचा हात सोडू नये असंच मला वाटतं, आणि तुम्ही चुकलात असंच मी म्हणणार. फक्त आता समोरून उत्तर येत नाही. तुमची खुर्ची मी अजून हलवलेली नाही. परवा कपड्यांच्या घड्या करता करता तुमचा काळा स्वेटर हातात आला आणि मी तिथेच फरशीवर बसून रडले. मनसोक्त.

पण मला जे सांगायचंय ते रडण्याचं नाही. ते ताटाचं आहे.

दादांना जेवायचं ताट हातात लागतं, हे या घरात भिंतीइतकं पक्कं होतं. अंबडच्या कारखान्यात फोरमन, मशीनच्या वर आवाज चढवायची सवय, ती घरात आली ती कायमचीच. एका रविवारी ते बाहेरून ओरडले, "कमल, ताट!" मी उठायला लागले. तुम्ही माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला बसवलंत, पडद्यावरची नजर न हलवता, आणि साधारण एक्स्चेंजच्याच आवाजात, स्वच्छ, म्हणालात, "तुमचं तुम्ही वाढून घ्या. मी पूल जाळतेय."

प्रशांत मोबाइल हातात धरून दारात उभा, तोंड उघडं. मी मनात म्हटलं, झालं आता. दादांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पावलं स्वयंपाकघराकडे गेली. झाकण निघाल्याचा आवाज. मग वाटीत वरण पडल्याचा. आई, तुम्ही तेव्हाही वळून बघितलं नाहीत, पण तुमचे कान लाल झाले होते. मी बघितले. त्यानंतर दादांनी ताट मागितलं नाही. आणि तुम्ही लक्ष दिलं होतंत का, माहीत नाही, रविवारी आपला खेळ सुरू झाला की ते टीव्हीचा आवाज कमी करायचे. मला तेव्हा वाटायचं, रागाने करतात.

तुम्ही गेल्यावर आठवड्याने मी धीर करून तुमचा गेम उघडला. खरं सांगू? मला आशा होती. वाटलं, माझ्या नकळत तुम्ही एखादी दुसरी कमल सुरू केली असेल, चांगली, निळ्या उजेडाची. नावाड्याला वाचवणारी. ते सापडलं की मी रडणार, सगळ्यांना सांगणार, असं सगळं ठरवून बसले होते. यादी उघडली. तीन सेव्ह होते. तिन्ही उघडून बघितले. तिन्हींत तुम्ही दुष्टच! शेवटच्यात तर सिंहासनावर बसला होतात आणि समोर प्रधान उलटा टांगलेला. मी एकटीच एवढी मोठ्याने हसले की दादा दारात येऊन उभे राहिले. मी त्यांना पडदा दाखवला. ते चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले आणि बाहेर गेले.

तर रविवार. वक्त्यांची यादी संपली आणि भाऊकाका, आपले दादांचे धाकटे भाऊ, माइक धरून म्हणाले, "घरच्यांपैकी कुणी?" प्रशांतने नाही म्हणून मान हलवली. मी उठले. पहिल्या ओळीत दादा खुर्चीवर बसलेले, आणि मला जे बोलायचं होतं ते त्यांच्यासमोर बोलायचं होतं. "सगळ्यांनी जे सांगितलं तेच, आमच्या आई फार शांत होत्या," एवढं म्हणून खाली बसता आलं असतं. सगळे मान डोलावणार होते. आणि इथे सेव्ह नव्हता आई. चुकलं असतं तर चुकलेलंच राहिलं असतं.

मी म्हणाले, "जय भीम. आमच्या आई सोशिक नव्हत्या."

मग मी सांगत गेले. मेमोचं सांगितलं. कॉम्प्युटरवरच्या राज्याचं सांगितलं, बेडूक झालेल्या पाटलाचं सांगितलं. मागच्या बायकांत कुणीतरी फिसकन हसलं, आणि त्या तुमच्या एक्स्चेंजमधल्या पवारबाई होत्या. नावाड्याचं सांगितलं आणि हेही सांगितलं की त्याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही. मग श्वास घेतला आणि ताटाचं सांगितलं. दादांकडे न बघता. "आईंना कळून घ्यायचं होतं की त्या चांगल्या होत्या की घाबरलेल्या," मी म्हणाले. "त्या दिवशी त्यांना कळलं असं मला वाटतं. घाबरलेल्या त्या उरल्या नव्हत्या. आणि तरी त्यानंतरही माझा चहा त्यांनीच केला, शेजारच्या आजींना गोळ्या त्यांनीच दिल्या, कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागे उभं राहून ऐकत नव्हतं. मला त्या सोशिक आईंपेक्षा या आई जास्त आवडायच्या. आभार मानायचे राहिले, ते आज मानते."

माझा आवाज शेवटी फाटला, पण मी बोलले. सगळं बोलले.

भाऊकाका अस्वस्थ झाले होते. मला सांभाळून घ्यावं म्हणून त्यांनी माइक जवळ घेतला. "सूनबाई, खेळबिळ ठीक हाय. पन शेवटाला तिला पस्तावा झाला असंल ना? त्या खेळातल्या बाईला? सुधारली असंल ना लय नाय तर थोडी?" भला माणूस. मला वाट करून देत होता. हो म्हटलं असतं तर सगळे समाधानाने जेवायला गेले असते.

"नाही काका," मी म्हणाले. "शेवटपर्यंत नाही."

तेवढ्यात दादा उठले. माइककडे त्यांनी बघितलंही नाही, त्यांना तो आयुष्यात कधी लागलेला नाही.

"तिने कशाला करायचा पस्तावा?" दादा म्हणाले. "तो माझ्या वाट्याचा आहे. इतकी वर्षं ती गप्प होती ती माझ्या आवाजाने. सोशिक-बिशिक काही नव्हती. पुन्हा कुणी तसं म्हणू नका." आणि खुर्चीचा हात धरून ते सावकाश खाली बसले.

मग मागून पवारबाईंनी टाळी वाजवली. त्यांच्या शेजारच्या बाईने वाजवली. मग प्रशांतने. पुण्यानुमोदनाला टाळ्या वाजवत नाहीत, आई. तुमच्या वेळी अख्खा हॉल वाजवत होता, आणि दादा पुढच्या ओळीत बसून तुमच्या त्या नावडत्या फोटोकडे बघत सगळ्यात मोठ्याने वाजवत होते.

तुमची,
सुजाता